डोक्याला जबर मार: मेंदूतला ऑक्सिजन आणि रक्तातले बायोमार्कर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डोक्याला मार लागून पेशंट आयसीयूत गेला की घरच्यांच्या कानावर हल्ली दोन शब्द हमखास पडतात: ‘ब्रेन ऑक्सिजन’ आणि ‘बायोमार्कर’. कधी परदेशातला पुतण्या फोनवर सांगतो, कधी कुणी व्हिडिओ पाठवतो. मग राउंड संपवून डॉक्टर बाहेर आले की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. त्यातलेच प्रश्न इथे घेतले आहेत. ही फक्त माहिती आहे. उपचार ठरवायचे ते खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरांनीच.

डॉक्टर म्हणाले ‘सिव्हिअर हेड इंज्युरी’. म्हणजे नेमकी किती?

हे ग्लासगो कोमा स्केलवरून (जीसीएस) ठरतं. ग्लासगोच्या ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोघा डॉक्टरांनी १९७४ साली ही मोजपट्टी मांडली. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४, बोलण्याला ५ आणि हातापायांच्या हालचालीला ६ गुण. एकूण १५ म्हणजे माणूस पूर्ण शुद्धीत. ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. यात शून्य नसतो. फाइलवर ३ लिहिलं असेल तर ‘तीन तरी मिळाले’ असं समजू नका. कशालाच प्रतिसाद नाही, असा त्याचा अर्थ. नळी घातलेला पेशंट बोलू शकत नाही, म्हणून बोलण्याच्या जागी आकड्याऐवजी ‘टी’ लिहितात. झोपेचं औषध किंवा पोटातली दारूही हा आकडा खाली ओढते. त्यामुळे पहिल्या तासातल्या आकड्यापेक्षा सगळं स्थिर केल्यानंतरचा आकडा जास्त भरवशाचा.

बोटाला लावलेल्या मशीनवर ९८ दिसतंय. मग मेंदूला ऑक्सिजन कमी कसा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि प्रश्न अगदी बरोबर आहे. कोविडने आपल्या घराघरांत ऑक्सिमीटर आणला आणि ‘९५च्या वर म्हणजे ठीक’ हे डोक्यात पक्कं बसलं. पण ते यंत्र फक्त एवढंच सांगतं, की रक्तातलं हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजनने भरलेलं आहे. ते रक्त मेंदूपर्यंत पुरेसं पोहोचतंय का, हे त्याला कळत नाही. सोसायटीची खालची टाकी काठोकाठ भरलेली असते, पण पंपाचा दाब कमी पडला तर चौथ्या मजल्यावरच्या नळाला धारच येत नाही, तसंच हे.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो, आणि साठा मात्र काहीच ठेवत नाही. मार लागल्यावर तो सुजतो. कवटी हाडाची, ती फुगू शकत नाही. म्हणून आतला दाब वाढतो. रक्ताला त्या दाबाविरुद्ध आत शिरावं लागतं. सरासरी बीपीतून कवटीतला दाब वजा केला की मेंदूला रक्त ढकलणारा खरा दाब निघतो. तो ६० ते ७० मिलिमीटर पारा ठेवायचा असतो. सरासरी बीपी ७५ आणि कवटीतला दाब ३० असेल तर उरले ४५. बोटावर ९८ दिसेल, आणि मेंदू उपाशी राहील.

पहिल्या आदळण्यात ज्या पेशी मेल्या त्या परत येत नाहीत. पण त्यांच्या आजूबाजूला अर्धमेल्या पेशी असतात, आणि पुढच्या काही तासांत-दिवसांत त्या ऑक्सिजनअभावी मरू शकतात. आयसीयूतली सगळी धावपळ त्यांच्यासाठीच चाललेली असते.

मेंदूतला ऑक्सिजन मोजतात कसा?

कवटीला, बहुतेक वेळा कपाळाच्या वर केसांच्या रेषेमागे, एक बारीक भोक पाडतात. त्यात स्क्रूसारखा बोल्ट बसवतात आणि त्यातून दोऱ्याएवढा बारीक प्रोब मेंदूच्या पांढऱ्या भागात साधारण दोन-अडीच सेंटिमीटर आत सरकवतात. लायकॉक्स नावाचा प्रोब यात सर्वांत जुना आणि परिचित. शेजारूनच कवटीतला दाब मोजणारी दुसरी तार जाते. दोन्ही आकडे मॉनिटरवर सतत दिसत राहतात.

प्रोब घातल्या घातल्या दिसणारा आकडा कुणी धरत नाही. सुई शिरताना आजूबाजूच्या ऊतींना थोडी इजा होते. ती निवळून आकडा खरा व्हायला तासभर, कधी दोन तास लागतात. मग एक साधी परीक्षा घेतात: व्हेंटिलेटरवरचा ऑक्सिजन काही मिनिटांसाठी १०० टक्के करायचा. मेंदूतला आकडा चढला तर प्रोब जिवंत. ढिम्म हलला नाही तर प्रोब बिघडलाय, किंवा त्याचं टोक रक्ताच्या गाठीत बसलंय. ही परीक्षा न घेता त्या आकड्यावर उपचार करत बसणं म्हणजे रात्र वाया घालवणं.

शिवाय प्रोब मोजतो तो टोकाभोवतीचा अगदी छोटा तुकडा. उजवीकडच्या प्रोबला डाव्या बाजूची खबर नसते. म्हणून तो कुठे बसवलाय, हे नंतरच्या सीटी स्कॅनमध्ये बघतात.

कपाळाला चिकटवायचा पट्टा असतो, त्यावर भागत नाही का?

गंभीर दुखापतीत नाही. तो पट्टा प्रकाशाच्या किरणांनी वरवरचं मोजतो. कातडीखालची सूज आणि साकळलेलं रक्त मध्ये आलं की गणित चुकतं.

किती आकडा चांगला?

२० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली गेला की उपचार सुरू करायचे, असा आज सर्वसाधारण प्रघात आहे. निरोगी मेंदूत तो पंचविशीच्या वर असतो. जुन्या मार्गदर्शक सूचनांत १५ ही रेघ होती. घरच्यांनी लक्षात ठेवायचं ते असं, की हा आकडा टक्क्यांत नसतो. ‘फक्त २४?’ म्हणून धसका घेतलेले नातेवाईक मी पाहिलेत; २४ हा चांगला आकडा आहे.

आकडा खाली घसरला तर करतात काय?

समजा रात्री अडीचला २६ वरून १७ झाला. अनुभवी सिस्टर आधी पेशंटकडे बघते, मग मशीनकडे. उशी सरकून मान एका बाजूला वळली आहे का? वळली असेल तर मानेतल्या शिरा दबतात आणि डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही. मान सरळ, डोकं तीस अंशांवर. मानेची कॉलर घट्ट झाली आहे का? ताप आहे का? ताप वाढला की मेंदूची ऑक्सिजनची भूक वाढते. बीपी पडलंय का? नळीत कफ अडकलाय का? बोटं किंवा पापणी बारीक फडफडते आहे का, म्हणजे आतल्या आत झटके चालू आहेत का?

एवढं बघून झालं की नजर जाते कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावर. बऱ्याचदा चोर तिथेच सापडतो. व्हेंटिलेटर जोरात श्वास देत असेल तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आक्रसतात. तो १ मिलिमीटर पाऱ्याने उतरला की मेंदूचा रक्तपुरवठा सुमारे ३ टक्क्यांनी घटतो. गंमत अशी, की याच कारणामुळे कवटीतला दाब खाली येतो. म्हणजे फक्त दाब बघणारा डॉक्टर खूश होईल, आणि त्याच क्षणी मेंदू गुदमरत असेल. ऑक्सिजनचा प्रोब हे लबाड समाधान उघडं पाडतो, आणि माझ्या मते त्याची खरी किंमत इथेच आहे. श्वासाचा वेग मिनिटाला दोन-तीनने कमी केला, की पुष्कळदा आकडा वर येऊ लागतो.

एवढ्याने भागलं नाही तर पुढच्या पायऱ्या: बीपी वाढवणारं औषध, झोपेचं औषध वाढवणं, सूज उतरवणारं मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचं सलाईन, रक्त चढवणं, पुन्हा सीटी, आणि शेवटी कवटीचा तुकडा काढून मेंदूला जागा करून देणं. या शेवटच्या उपायावर २०१६ साली रेस्क्यू-आयसीपी ही ४०८ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी मृत्यू ४८.९ टक्क्यांवरून २६.९ टक्क्यांवर आले. पण जाणीव न परतता नुसतेच जिवंत राहिलेल्यांचं प्रमाण २.१ वरून ८.५ टक्के झालं. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी हे दोन्ही आकडे घरच्यांना कळायला हवेत, असं मला वाटतं.

मग सरळ १०० टक्के ऑक्सिजनच का देत नाहीत?

दिला तर पडद्यावरचा आकडा चढतो, यात शंका नाही. पण कारण जर कमी बीपी किंवा आक्रसलेल्या रक्तवाहिन्या असेल तर ते तसंच राहतं आणि चांगल्या आकड्याआड झाकलं जातं. दिवसचे दिवस इतका ऑक्सिजन फुप्फुसांनाही सोसत नाही. थोडा वेळ, बाकीचं सुधारेपर्यंत, ठीक.

हे सगळं मोजून माणसं खरंच जास्त वाचतात का?

प्रामाणिक उत्तर: मेंदूतला ऑक्सिजन सुधारतो हे सिद्ध झालंय, माणूस सुधारतो हे अजून तितकं स्पष्ट नाही.

अमेरिकेत बूस्ट-२ ही ११९ रुग्णांची चाचणी झाली; निष्कर्ष २०१७ साली आले. एका गटात फक्त कवटीतला दाब बघून उपचार केले, दुसऱ्यात दाब आणि ऑक्सिजन दोन्ही बघून. पहिल्या गटात मेंदूतला ऑक्सिजन सरासरी ४५ टक्के वेळ २०च्या खाली होता. दुसऱ्यात १६ टक्के. मृत्यू पहिल्यात ३४ टक्के, दुसऱ्यात २५. ऐकायला छान, पण मृत्यूंतला फरक ठामपणे सांगण्याइतके रुग्णच त्यात नव्हते. ती चाचणी त्यासाठी आखलेलीही नव्हती.

मग फ्रान्सने ऑक्सि-टीसी केली, ३१८ रुग्णांवर. ती २०२३ साली छापून आली. सहा महिन्यांनी वाईट अवस्थेत असलेले किंवा दगावलेले फक्त दाब बघितलेल्या गटात ५१ टक्के, ऑक्सिजनही मोजलेल्या गटात ५२. फरक शून्य म्हटला तरी चालेल. शिवाय प्रोबमुळे होणारे रक्तस्राव ऑक्सिजन मोजलेल्या गटात जास्त दिसले. एवढ्यावरून प्रोब भंगारात काढायचा का? मला नाही वाटत. प्रोब कुणाला बरं करत नाही. तो दाखवतो, आणि दाखवल्यावर काय करायचं यावर सगळं ठरतं. बूस्ट-३ ही याच प्रश्नासाठी १,०९४ रुग्ण डोळ्यापुढे ठेवून आखलेली चाचणी, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये बोनान्झा ही तिची सख्खी बहीण.

आमच्या हॉस्पिटलात हा प्रोब नाही. पेशंट मोठ्या शहरात हलवू का?

केवळ प्रोबसाठी? नको. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो नाहीच. एकदाच वापरायचा, बाहेरून येणारा, महागडा. २०१२ साली बोलिव्हिया आणि इक्वेडोरमधल्या ३२४ रुग्णांची बेस्ट-ट्रिप चाचणी प्रसिद्ध झाली. तिथे कवटीतल्या दाबाची तारसुद्धा न घालता, फक्त वारंवार तपासणी आणि सीटीच्या आधारे ठरलेल्या शिस्तीत उपचार केलेल्यांचे निकाल तार घातलेल्यांपेक्षा वाईट नव्हते. मात्र त्या डॉक्टरांनी पेशंटला नीट आणि पुन्हा पुन्हा तपासलं होतं, ही अट विसरायची नाही.

हलवायचं ते यासाठी: चोवीस तास सीटी नाही, न्यूरोसर्जन नाही, व्हेंटिलेटर नाही. हे नसेल तर एक मिनिटही थांबू नका. आणि हलवताना बीपी व ऑक्सिजन पडू देऊ नका. वरच्या बीपीचा आकडा एकदा जरी ९०च्या खाली गेला तरी मृत्यूचा धोका जवळपास दुप्पट दिसतो, हे नव्वदच्या दशकापासून माहीत आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात ॲम्ब्युलन्सच्या कर्मचाऱ्यांना तीनच गोष्टी पक्क्या शिकवल्या: ऑक्सिजन पडू द्यायचा नाही, बीपी पडू द्यायचं नाही, आणि श्वास देणारा फुगा घाईघाईने दाबायचा नाही. वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या त्या अभ्यासात गंभीर गटातल्यांची वाचण्याची शक्यता दुप्पट झाली. १०८ची गाडी येईल तेव्हा आतल्या डॉक्टरला बीपी विचारायला लाजू नका.

आता रक्ताकडे. हे बायोमार्कर म्हणजे काय?

मेंदूच्या पेशी फुटल्या की त्यांच्या आतली प्रथिनं रक्तात झिरपतात. जीएफएपी हे आधार देणाऱ्या तारकापेशींमधलं, यूसीएच-एल१ हे चेतापेशींमधलं. यूसीएच-एल१ झटकन चढतं, साधारण आठ तासांत शिगेला पोहोचतं आणि उतरू लागतं. जीएफएपीला त्याहून वेळ लागतो, वीसेक तास, आणि ते रेंगाळतं. चेतातंतूंमधलं एनएफएल दिवसेंदिवस, आठवडे चढत राहतं.

एस१००बी आणि एनएसई ही जुनी मंडळी. एस१००बी चरबीतून आणि मोडलेल्या हाडांतूनही येतं, त्यामुळे मांडीचं हाड मोडलेल्या पेशंटमध्ये ते फसवू शकतं. एनएसई तांबड्या पेशींतही असतं. नमुना हलवाहलवीत फुटला की आकडा खोटाच वर जातो. जाता जाता: आपल्या मोठ्या लॅबमध्ये एनएसई बहुधा कॅन्सरच्या तपासण्यांच्या यादीत सापडतं. पावती बघून हादरू नका.

ही तपासणी केली की सीटी टळतो, असं वाचलं.

टळू शकतो, पण सौम्य दुखापतीत. इथे ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांच्यात नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने फेब्रुवारी २०१८ मध्ये जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या जोडीला परवानगी दिली ती १,९५९ रुग्णांच्या अभ्यासावर. दोन्ही खालच्या पातळीवर असतील तर सीटीत काही न सापडण्याची खात्री ९९.६ टक्के होती. २०२४ साली अशीच तपासणी खाटेजवळ, पूर्ण रक्तावर, पंधरा मिनिटांत करणाऱ्या छोट्या यंत्रालाही परवानगी मिळाली. पण जीसीएस ६ असलेल्या माणसाचा सीटी रक्ताच्या रिपोर्टसाठी कुणी थांबवत असेल तर ते चूक आहे.

आकडा हजारांत आलाय. म्हणजे आशा सोडायची?

नाही. अमेरिकेतल्या ट्रॅक-टीबीआय अभ्यासात सुमारे १,७०० रुग्णांचं पहिल्या दिवसाचं रक्त तपासलं. सहा महिन्यांत कोण दगावेल किंवा परावलंबी राहील, याचा अंदाज दोन्ही प्रथिनांनी चांगला दिला, आणि तोही जास्त गंभीर रुग्णांत. ‘वाचला, पण पूर्वीसारखा झाला नाही’ हे ओळखण्यात मात्र ती कच्ची ठरली. आणि अंदाज हा गटाचा असतो. शंभर जणांबद्दल बरोबर असलेली गोष्ट खाट क्रमांक चारबद्दल चुकू शकते. केवळ या आकड्यावर उपचार थांबवायचा विषय कुणी काढला तर वय, डोळ्यांच्या बाहुल्यांचा प्रतिसाद, सीटी आणि जीसीएस यांचं काय म्हणणं आहे ते विचारा.

ऑक्सिजन आणि रक्त, दोन्हींचा एकमेकांशी संबंध काय?

ऑक्सिजनचा आकडा आत्ताचा असतो, आणि त्यावर लगेच काही करता येतं. रक्त झालेल्या नुकसानीचा हिशोब सांगतं, तोही काही तास उशिराने. खरा मोलाचा प्रश्न दोन्हींच्या मधला: ऑक्सिजन सावरला तर पुढच्या दिवशी रक्तातली प्रथिनं कमी चढतात का, आणि कुणाला ऑक्सिजनवर बेतलेले उपचार लागू पडतील हे आधीच रक्तावरून कळेल का? बूस्ट-३ला रक्तनमुन्यांचा एक अभ्यास याचसाठी जोडलेला आहे. दुसरीकडे, एका बाजूच्या प्रोबवर छान ३० दिसत असताना जीएफएपी पुन्हा चढू लागलं, तर प्रोब नसलेल्या बाजूला काही घडतंय का, असा संशय घ्यायला जागा असते. सीटी त्यासाठी.

हिमोग्लोबिन ८ आहे. रक्त चढवावं का?

यावर २०२४ साली दोन चाचण्या आल्या. हेमोशन नावाच्या पहिलीत ७४२ रुग्ण होते. १०च्या खाली गेलं की रक्त देणं आणि ७पर्यंत थांबणं, यांत वाईट निकाल ६८.४ विरुद्ध ७३.५ टक्के, म्हणजे ठाम म्हणावा असा फरक नाही. ‘ट्रेन’ नावाच्या दुसरीत मेंदूतल्या रक्तस्रावाचेही रुग्ण होते. तिथे ९ची रेघ ठेवलेल्यांत ६२.६ आणि ७ची ठेवलेल्यांत ७२.६ टक्के, हा फरक मानण्याजोगा. त्यामुळे हल्ली बरेच डॉक्टर ७पर्यंत वाट बघत नाहीत.

सूज उतरायला स्टिरॉइड देतात ना?

नाही. क्रॅश चाचणीत दहा हजार रुग्णांवर ते तपासलं. स्टिरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांत मृत्यू जास्त झाले, १७.९ ऐवजी २१.१ टक्के. ‘आमच्या मामांना दिलं होतं’ हा आग्रह धरू नका. मामांना बहुधा ट्यूमर असेल, तिथे ते चालतं.

रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचाय. काय बघून ठेवावं?

एक, एकक. पिकोग्रॅम आणि नॅनोग्रॅम यांत हजार पटींचा फरक आहे. व्हॉट्सॲपवर नुसता आकडा पाठवला की गोंधळ ठरलेला. दोन, रक्त अपघातानंतर किती तासांनी काढलं. चौथ्या तासाचं यूसीएच-एल१ आणि तिसऱ्या दिवसाचं, यांची तुलना होत नाही. तीन, दोन्ही वेळा यंत्र तेच होतं का. एका कंपनीची पातळी दुसरीला लागू होत नाही. आणि ऑक्सिजनच्या प्रोबबद्दल विचारायचं असेल तर एका क्षणाचा फोटो काढू नका, चोवीस तासांचा चार्ट मागा. २०च्या खाली तो किती वेळ होता, ते त्यावर दिसतं.